हिरवे बटण आणि श्रमिकाचा हक्क

तालुक्याच्या कचेरीत कोणतेही काम घेऊन जा, पहिले वाक्य ऐकू येते ते 'याची झेरॉक्स काढून आणा' हे. एका अमेरिकन कंपनीचे नाव आपल्या भाषेत एका कामाचेच नाव होऊन बसले आहे. कचेरीच्या दाराशी टपरी टाकून बसलेला पोरगा कागद काचेवर ठेवतो, झाकण लावतो, बटण दाबतो आणि प्रत बाहेर येते. पाहणाऱ्याला वाटते, यात अवघड ते काय? परंतु याच कंपनीच्या संशोधन केंद्रात सुमारे चाळीस वर्षांपूर्वी याच यंत्रासंबंधी एक अभ्यास झाला आणि त्यातून निघालेला निष्कर्ष त्या यंत्रापुरता मर्यादित राहिला नाही. माणूस आणि माहितीची यंत्रणा यांच्या व्यवहारात चूक होते तेव्हा ती कोणाची मानायची, हा प्रश्न त्या अभ्यासाने उभा केला. आज रेशनच्या दुकानापासून अंगणवाडीपर्यंत गरिबाची गाठ अशा यंत्रणांशी रोज पडते. त्यामुळे हा प्रश्न केवळ विद्यापीठातील पंडितांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करीत असताना त्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आल्या आणि पुढे सुमारे वीस वर्षे तेथे राहिल्या. नंतर इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या. मानववंशशास्त्रज्ञाने दूरच्या बेटावर जावे, तेथील लोकांच्या चालीरीतींची टिपणे काढावीत, अशी रूढ समजूत आहे. सचमन यांनी तीच नजर कचेरीतील माणसांकडे आणि त्यांच्यासमोरच्या यंत्राकडे वळविली.

१९८० नंतरच्या त्या वर्षांत कंपनीने अनेक कामे करणारे एक मोठे प्रतियंत्र बाजारात आणले होते. जाहिरातीचा सारा भर एका हिरव्या बटणावर होता : ते दाबले की झाले. गिऱ्हाइकांच्या तक्रारी मात्र येऊ लागल्या की हे यंत्र वापरणे फार किचकट आहे. अभियंत्यांनी उपाय शोधला तो असा की, यंत्रालाच शहाणे करावे. वापरणाऱ्याला काय हवे ते यंत्राने ओळखावे आणि पडद्यावर एकेक पायरी सांगत त्याला हात धरून न्यावे. हे शहाणे यंत्र कसे चालते ते पाहण्यासाठी सचमन यांनी एका वेळी दोन माणसांना त्याच्यासमोर उभे केले आणि त्यांचे बोलणे-वागणे चित्रफितीवर टिपून घेतले. माणसे दोन असली की ती आपसात बोलतात, आणि मनातील गोंधळ बोलण्यातून बाहेर पडतो, हा त्यामागचा हेतू.

१९८३ साली दाखविल्या गेलेल्या त्यांच्या एका चित्रफितीत दोन गृहस्थ एका निबंधाच्या पाठपोट प्रती काढण्यासाठी झगडताना दिसतात. सूचना वाचतात, बटणे दाबतात, एकमेकांकडे पाहतात, पुन्हा वाचतात आणि पुन्हा अडतात. त्यांपैकी एक होते ॲलन न्यूएल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शास्त्राच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते आणि १९७५ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना मिळाला होता. दुसरे होते रॉन काप्लान, संगणकीय भाषाशास्त्रातील नामवंत. त्यांच्या जागी एखादा हमाल किंवा कारकून असता तर निकाल आधीच तयार होता : माणूस अडाणी आहे, त्याला प्रशिक्षण द्या. समोर न्यूएल असल्यामुळे तो निकाल देण्याची सोय उरली नाही. चूक माणसाच्या डोक्यात नसून अन्यत्र कोठे तरी आहे, हे मान्य करणे भाग पडले.

ती कोठे होती, हे शोधण्याची सचमन यांची पद्धत अत्यंत साधी होती आणि म्हणूनच ती आपल्याही कामाची आहे. त्यांनी कागदावर चार रकाने आखले. माणसाची जी कृती यंत्राला मुळीच दिसत नाही ती पहिल्या रकान्यात. जी दिसते ती दुसऱ्यात. यंत्राने जे काही केले आणि माणसाला दिसले ते तिसऱ्यात. आणि यंत्र तसे का वागले यामागची आखणाऱ्याची धारणा चौथ्यात. हे रकाने भरत गेल्यावर उघड झाले की पहिला रकाना गच्च भरलेला आहे आणि दुसऱ्यात तुरळक नोंदी आहेत. माणसे विचार करीत होती, वाद घालीत होती, शंका घेत होती; यंत्राला कळत होते ते एवढेच की झाकण उघडले, बटण दाबले. भिंतीच्या फटीतून पाहावे तसे ते पाहत होते आणि तेवढ्यावरून, हा माणूस आपल्या आराखड्याच्या अमुक पायरीवर आहे, असे गृहीत धरीत होते.

एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. कागद काचेवर ठेवण्याची सूचना पडद्यावर एकदा येते. माणूस ती पाळतो. आणि तीच सूचना पुन्हा येते. याचा अर्थ काय? पहिले पान झाले, आता दुसरे ठेवा, असा? की तुमचे चुकले, तेच पान पुन्हा नीट ठेवा, असा? समोर माणूस असता तर त्याचा स्वर, नजर, हातवारे यांवरून हे क्षणात कळले असते. न कळते तर विचारता आले असते. यंत्राला विचारण्याची सोय नाही आणि आपण काही चुकीचे समजलो आहोत याचा यंत्राला पत्ता नाही. माणूस आणि माणूस यांच्या बोलण्यात गैरसमज होतातच. पण ते जागच्या जागी दुरुस्त करण्याची साधने दोघांकडे असतात. यंत्रापुढे ती साधने एकाच बाजूला उरतात आणि दुरुस्तीचा सारा भार माणसावर पडतो, हे सचमन यांचे म्हणणे आहे.

या अभ्यासाचे पुस्तक १९८७ साली केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केले. 'प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स', म्हणजे आराखडे आणि प्रसंगानुरूप कृती, हे त्याचे नाव. माणूस आधी डोक्यात योजना आखतो आणि मग ती बरहुकूम पार पाडतो, असे त्या काळचे संगणकशास्त्र मानीत होते. सचमन यांनी ते नाकारले. होडीतून नदीचे खळाळते पात्र उतरणारा माणूस वरच्या बाजूला थांबून मार्ग ठरवितो, हे त्यांचेच उदाहरण. पण प्रत्यक्ष पाण्यात शिरल्यावर त्याला तारते ते हाताचे कसब आणि त्या क्षणीचे भान. आराखडा निरुपयोगी असतो असे नाही. योग्य जागी उभे राहण्यास तो मदत करतो. पुढचे काम तो करीत नाही.

चळवळीतील कार्यकर्त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मोर्च्याचा मार्ग, घोषणा, वक्त्यांचा क्रम हे सारे आपण आदल्या रात्री बैठकीत ठरवितो. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकातच अडवितात, ज्या गावाहून ट्रक यायचा तो येत नाही, एखादी म्हातारी मध्येच उठून स्वतःच्या जमिनीची हकीकत सांगू लागते आणि सभेचा नूरच पालटतो. मोर्चा यशस्वी होतो तो त्या क्षणी सुचलेल्या आणि निभावलेल्या शेकडो गोष्टींमुळे. अहवालात मात्र लिहिले जाते, 'ठरल्याप्रमाणे मोर्चा पार पडला.' अहवाल खोटा नसतो. पण त्यात खऱ्या कामाचा मागमूस नसतो. माहितीची यंत्रणा आखणारे लोक हा अहवाल वाचून मोर्चा समजला असे मानतात. त्यांची चूक ती ही.

या चुकीला वर्गीय बाजू आहे. ती सचमन यांच्या पुढच्या लेखनात अधिक स्पष्ट दिसते. १९९५ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी एका वकिली कंपनीचा दाखला दिला आहे. मोठ्या खटल्यांतील हजारो कागदपत्रे वाचून त्यांची संगणकात वर्गवार नोंद करणारा एक विभाग तेथे होता. वरच्या वकिलांच्या लेखी हे बिनडोक काम होते. ते स्वस्त मजुरीच्या देशात पाठवावे असा विचारही चालला होता. सचमन आणि त्यांचे सहकारी त्या विभागात जाऊन बसले तेव्हा त्यांना दिसले की एखाद्या कागदाची तारीख कोणती धरायची, पत्र कोणाचे समजायचे, एक कागद कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, असे निर्णय ते कर्मचारी पदोपदी घेत होते आणि त्यावरच पुढच्या शोधाची सारी भिस्त होती. काम जितके खालचे आणि वरच्या मजल्यापासून जितके दूर, तितकी त्यातील बुद्धी वरच्यांना दिसत नाही. न दिसणाऱ्या बुद्धीला मजुरीही मिळत नाही आणि यंत्र आणताना तिची दखलही घेतली जात नाही.

येथवर सचमन यांचे ऋण मान्य करून एक प्रश्न विचारला पाहिजे. हे संशोधन एका भांडवलदारी कंपनीच्या पैशाने, तिच्याच छताखाली झाले. कंपनीला हवी होती गिऱ्हाइकाची सोय, कारण सोय झाली की यंत्र खपते. सोय वाईट नव्हे. परंतु सोय ही मालकाने दिलेली असते आणि जे दिले ते काढूनही घेता येते. शिवाय कामगाराचे दडलेले कौशल्य उजेडात आणणे हे दुधारी शस्त्र आहे. आज जे कौशल्य अभ्यासकाने कौतुकाने नोंदविले, त्याच नोंदीच्या आधारे उद्या व्यवस्थापन घड्याळ लावून बसू शकते. हा धोका सचमन यांनी स्वतःच त्या निबंधात मांडला आहे. म्हणजे केवळ चांगला अभ्यासक मिळाल्याने प्रश्न सुटत नाही. त्या ज्ञानावर ताबा कोणाचा, हे ठरावे लागते.

त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला तो नॉर्वेत. ओले-योहान डाल यांच्या सहकार्याने 'सिम्युला' ही संगणकभाषा तयार करणारे क्रिस्तेन न्यूगोर हे जगन्मान्य शास्त्रज्ञ. २००१ सालचा ट्यूरिंग पुरस्कार या दोघांना मिळाला. आपण तयार केलेल्या साधनांनी कारखान्यात कामगारांवरच नियंत्रण बसविले जात आहे हे पाहून न्यूगोर १९७० नंतर नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर काम करू लागले. आरंभी कल्पना अशी होती की तज्ज्ञांनी अभ्यास करावा आणि संघटनेला अहवाल द्यावा. काही महिन्यांतच त्यांना उमगले की असा अहवाल कपाटात जाईल. तेव्हा त्यांनी प्रकल्पाची दिशाच बदलली. कारखान्यातील कामगारांनी अभ्यासगट करावेत, येऊ घातलेल्या यंत्रणेची स्वतः चिकित्सा करावी आणि मागण्या ठरवाव्यात. संघटनेने प्रत्यक्ष जी कृती केली तोच संशोधनाचा निष्कर्ष मानावा, अशी व्याख्या त्यांनी केली.

याची फळे कागदावर राहिली नाहीत. १९७५ साली नॉर्वेतील कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात संगणकयंत्रणेसंबंधी देशव्यापी करार झाला. नवी यंत्रणा येण्यापूर्वी कामगारांना तिची माहिती मिळावी, ती तज्ज्ञ नसलेल्या माणसाला समजेल अशा भाषेत मिळावी आणि या विषयासाठी कामगारांनी आपला स्वतंत्र प्रतिनिधी निवडावा, ही तत्त्वे त्यात आली. १९७७ च्या कार्यपरिस्थिती कायद्याने कामाचे नियोजन करणाऱ्या यंत्रणांची माहिती, त्यासाठी लागणारे शिक्षण आणि त्यांच्या आखणीत सहभाग हे कामगारांचे हक्क ठरविले. १९८१ ते १९८५ या काळात उत्तर युरोपातील मुद्रण कामगारांच्या संघटना आणि स्वीडन-डेन्मार्कमधील संशोधक यांनी मिळून 'युटोपिया' नावाचा प्रकल्प राबविला. वृत्तपत्राची पाने जुळविणारे कामगार आणि संशोधक यांनी पुठ्ठे, खोकी आणि लाकडी फळ्या जोडून भावी संगणकाची नक्कल तयार केली आणि तिच्यासमोर बसून, आम्ही काम असे करतो, पडद्यावर आम्हाला हे दिसले पाहिजे, असे एकेक ठरवीत गेले. पुठ्ठ्याच्या खोक्यापुढे तज्ज्ञ आणि कामगार दोघेही सारख्याच अधिकाराने बोलू शकतात, हे त्यातले मर्म. सचमन यांच्या अभ्यासाने दाखविले की यंत्रात कामगार दिसत नाही. या मंडळींनी कामगाराला ते यंत्र आखण्याच्या टेबलाशीच बसविले.

आता थोडे आत्मपरीक्षण. आपल्याकडे १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाला कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणासंबंधी बँकांशी करार केला. यंत्रे किती येणार आणि नोकऱ्या किती जाणार, यावर त्या लढ्यांचा भर होता. पोटाचा प्रश्न असताना तो भर गैर होता असे कोणी म्हणू नये. पण यंत्र आलेच तर त्यात काय दिसेल, काय दिसणार नाही आणि हे कोण ठरविणार, हा प्रश्न आपण पुरेशा आग्रहाने विचारला नाही. यंत्रे यायची ती आली. न विचारलेला प्रश्न आता संघटित कर्मचाऱ्याला सोडून असंघटित गरिबाच्या मानगुटीवर बसला आहे.

रेशनच्या दुकानात पॉस मशीनवर बोट ठेवावे लागते. ऊसतोडीत, वीटभट्टीवर, धुण्याभांड्यात ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा जुळत नाही. तेव्हा लोक काय म्हणतात? 'माझा अंगठा लागत नाही.' मशीन ओळखत नाही असे कोणी म्हणत नाही. दोष अंगठ्याचा! पूर्वी सही येत नाही म्हणून अंगठा उठवावा लागे आणि त्याची लाज वाटे. आता तो अंगठाही नापास होतो. सचमन यांचे चार रकाने येथे आखून पाहावेत. बाई दोन कोस चालून आली, तिची मजुरी बुडाली, घरी धान्य नाही, दुकानदार तिला वीस वर्षे ओळखतो, हे सारे पहिल्या रकान्यात. दुसऱ्या रकान्यात एकच नोंद : ठसा जुळला नाही. तिसऱ्यात : व्यवहार नाकारला. आणि चौथ्या रकान्यात आखणाऱ्याची धारणा : जिचा ठसा जुळत नाही ती ती नव्हे. या चौथ्या रकान्याबद्दल त्या बाईला कोणी कधी विचारले होते काय?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. फोन तापतात, त्यांत जागा पुरत नाही आणि 'पोषण ट्रॅकर' या ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते, या त्यांच्या तक्रारी होत्या. पुष्कळांना तो तांत्रिक कुरबुरीचा प्रकार वाटला. वस्तुतः तो या प्रश्नावरचा आपल्याकडील एक महत्त्वाचा लढा होता. मुलाचे वजन करणे, आईला समजावणे, घरोघर फिरणे हे ज्यांचे काम, त्यांना न विचारता आखलेले साधन त्यांनी आखणाऱ्याच्या पदरात परत टाकले. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर दिवसातून दोनदा छायाचित्र काढून ॲपवर हजेरी लावणे सक्तीचे झाले. रेंज नसलेल्या डोंगरात दिवसभर माती उपसलेला मजूरही त्यात गैरहजर ठरू शकत होता. घाम हा यंत्राला दिसणाऱ्या रकान्यात नव्हता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. या यंत्रणा नसत्या तर मधला दलाल धान्य लुबाडत होताच, खोट्या हजेऱ्या लागत होत्याच. तुम्हाला जुनी चोरी परत आणायची आहे काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. चोरी होत होती, आणि तिच्याविरुद्ध सर्वांत आधी आवाज उठविणारे आपणच होतो. परंतु चोरी पकडण्याचे साधन आखताना ज्याच्याकडून चोरले गेले त्यालाच संशयित का ठरवावे? यंत्र नाकारावे असे न्यूगोर म्हणाले नाहीत. ते तर यंत्रविद्येचेच अग्रणी. यंत्र कोणाच्या अनुभवावरून आखले जावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, कोणतीही नवी यंत्रणा लोकांवर लादण्यापूर्वी तिची माहिती मराठीत, साध्या भाषेत ग्रामसभेत आणि संघटनेपुढे मांडली गेली पाहिजे, ही मागणी. दुसरी, यंत्राने नकार दिला तरी धान्य आणि मजुरी थांबणार नाही, दुकानदाराच्या आणि शेजाऱ्यांच्या साक्षीला किंमत राहील, ही अट. आणि तिसरी, आपले स्वतःचे काम : आपापल्या गावात ते चार रकाने भरणे. त्यासाठी कोणती पदवी लागत नाही. दुकानाच्या ओट्यावर एक दिवस बसावे, काय घडते ते पाहावे आणि जे यंत्रात नोंदले जात नाही ते आपल्या वहीत नोंदवावे. असा गावोगावचा पहिला रकाना एकत्र झाला तर त्यापुढे कोणत्याही मंत्रालयाला, 'लोकांना वापरता येत नाही', एवढे म्हणून सुटता येणार नाही.

हिरवे बटण कोणीही दाबू शकतो, असे त्या जाहिरातीचे आश्वासन होते. ते दाबण्याची मोकळीक श्रमिकाला मिळालेली आहे. बटण कोठे असावे आणि ते दाबल्यावर काय घडावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याला अद्याप मिळायचा आहे, आणि तो संघटित लढ्यावाचून कोठेही मिळालेला नाही.